मधमाशीचे चित्र भिंतीवर लावण्यापूर्वी: कोणती माशी, कोणते फूल, कोणता कागद

प्रश्न थोडक्यात असा आहे. मधमाश्यांच्या बारा चित्रांची मालिका छापून, फ्रेम करून ती शाळा, ग्रंथालये, दवाखान्यांतील प्रतीक्षालये आणि घरे यांच्यासाठी तयार करायची आहे. चित्रे देखणी असावीत, पण पाहणाऱ्याने नुसते “छान आहे” म्हणून पुढे जाऊ नये, पर्यावरणाविषयी त्याच्या मनात काही हलावे, अशी इच्छा आहे. त्यासाठी चित्र कसे काढावे, मजकूर किती आणि कोणता द्यावा, छपाई व फ्रेम कशी करावी, आणि विक्रीतील काही वाटा संवर्धनाला द्यायचा असल्यास तो कसा सांगावा, हे विचारले आहे.

कीटकांची चित्रे काढणे आणि त्यांच्या प्रती छापणे हे माझे वीसहून अधिक वर्षांचे काम आहे. त्या अनुभवावरून सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधी सांगतो: “मधमाशी” नावाची एक सर्वसाधारण माशी काढू नका. एक ठरावीक जातीची माशी, एका ठरावीक फुलावर, एक ठरावीक काम करताना काढा. बाकीचे सारे निर्णय, अगदी कागदाच्या पोतापर्यंत, या एका निर्णयाच्या मागून येतात.

भिंतीवरच्या बहुतेक चित्रांत पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची गुबगुबीत माशी असते, मागे षट्कोनांची नक्षी असते आणि कोपऱ्यात मधाचा थेंब ओघळत असतो. अशी माशी कोणत्याही रानात सापडत नाही. ती एक खूण आहे, आणि खुणेकडे पाहून माणसाला आपल्याला आधीच ठाऊक असलेले तेवढेच आठवते. त्यात आपल्या भाषेत तर शब्दातच मध बसलेला आहे, त्यामुळे फुलावरची प्रत्येक माशी पोळे बांधते, मध साठवते आणि राणीच्या राज्यात राहते, असे आपण सहज धरून चालतो. प्रत्यक्षात या गटातील कीटकांच्या (इंग्रजीत ‘बी’, येथे पुढे नुसते ‘माशी’) 20,000 हून अधिक जातींचे वर्णन झाले आहे आणि त्यांपैकी ‘एपिस’ या प्रजातीतल्या खऱ्याखुऱ्या मधमाश्या जेमतेम आठ-दहा जातींच्या आहेत. उरलेल्यांतील बहुसंख्य माश्या एकट्याने राहतात. एकच मादी घरटे करते, परागकण आणते, अंडे घालते आणि मरते. त्यांतल्या बहुतेक जाती जमिनीत बीळ करून राहतात. ज्याला आपण भुंगा म्हणतो, तो काळा, मोठा, लाकूड पोखरणारा कीटकही मधमाशीच्याच कुळातला आहे. कवितेतून तो आपल्याला पिढ्यानपिढ्या माहीत आहे, पण परागीभवन करणारा म्हणून त्याचे चित्र भिंतीवर लावलेले मी फार क्वचित पाहिले आहे.

माशीची निवड हा आवडीनिवडीचा प्रश्न नाही. पाळीव पाश्चात्त्य मधमाशी, म्हणजे ‘एपिस मेलिफेरा’, हिचे हाल होत नाहीत असे नाही. व्हरोआ नावाचा कोळ्यांच्या वर्गातला बारीक परजीवी, कीटकनाशके आणि फुलांचा दुष्काळ यांमुळे वसाहतीच्या वसाहती दगावतात. तरीही जगभरातील पाळीव वसाहतींची एकूण संख्या 1961 पासून वाढलेलीच आहे, कारण दगावलेल्या वसाहतींच्या जागी माणूस नव्या तयार करतो. रानातल्या माश्यांसाठी हे काम करणारे कोणी नाही. एकेकाळी अमेरिकेच्या पूर्व आणि मध्य-पश्चिम भागात सर्रास दिसणारी, पाठीवर गंजाच्या रंगाचा ठिपका असलेली बंबल बी, म्हणजे जाडजूड, केसाळ रानमाशी (‘बॉम्बस अफिनिस’) 2017 मध्ये तेथील संकटग्रस्त जातींच्या यादीत गेली. त्याच्या आदल्या वर्षी हवाई बेटांवरच्या पिवळ्या चेहऱ्याच्या माश्यांच्या सात जाती त्या यादीत गेल्या होत्या. “मधमाशी वाचवा” असे लिहून त्याखाली पाळीव माशी काढली, तर पाहणारा फार तर मधाची पेटी ठेवण्याचा विचार करील. जेथे फुले मुळातच कमी आहेत, तेथे पाळीव वसाहतींची गर्दी झाली की रानमाश्यांचा घास कमी होतो. म्हणजे हेतू चांगला असूनही चित्र चुकीच्या दिशेला बोट दाखवते.

म्हणून बारा चित्रांपैकी तीन मधमाश्यांना द्या आणि नऊ इतरांना. मधमाश्यांतही विविधता दाखवता येते. उंच फांदीखाली किंवा कड्याला एकच उघडे, भलेमोठे पोळे लटकवणारी आग्या माशी, ढोलीच्या अंधारात अनेक समांतर पोळी बांधणारी सातेरी आणि झुडपाच्या डहाळीभोवती तळहाताएवढे पोळे करणारी फुलोरी या तिन्ही आशियाई मधमाश्या शेजारीशेजारी लावल्या, तर ‘पोळे’ या एका शब्दात किती घरे आहेत ते न सांगता कळते.

आता रेखाटनाकडे वळू. मला सर्वांत जास्त वेळ येथे द्यायचा आहे, कारण सर्वांत जास्त चुका येथे होतात. माशीला चार पंख असतात, दोन नव्हेत. मागचा पंख पुढच्या पंखाच्या कडेला बारीक आकड्यांच्या ओळीने अडकतो, म्हणून उडताना ते दोनच वाटतात. दोन पंख, आखूड शृंगिका आणि डोके जवळजवळ व्यापून टाकणारे डोळे असतील, तर तुमच्या संदर्भछायाचित्रात हॉवरफ्लाय, म्हणजे घरमाशीच्या गटातला कीटक, आहे. ती पट्टे मिरवून मधमाशीचे सोंग घेते आणि छायाचित्रांच्या संग्रहांत कित्येकदा मधमाशी म्हणूनच नोंदलेली असते. सहाही पाय वक्षातून निघतात, उदरातून एकही नाही. मादीच्या शृंगिकेला बारा खंड असतात आणि नराच्या शृंगिकेला तेरा. हे कोण मोजणार, असे वाटेल, पण मोजणारे भेटतात.

माझ्या पहिल्या मालिकेत पाने कापणारी माशी (‘मेगाकिली’) होती. मी तिच्या मागच्या पायांवर परागकणांचे पिवळे गोळे काढले होते, कारण मधमाशीच्या पायांवर ते तसे असतात. मधमाशीच्या मागच्या नडगीवर बाहेरून गुळगुळीत, किंचित खोलगट जागा असते आणि तिच्या कडेला केसांचे कुंपण असते. मकरंदाने ओलसर केलेले पराग ती तेथे थापून नेते. पाने कापणारी माशी मात्र पराग पोटाखालच्या दाट केसांत कोरडेच घेऊन जाते, त्यामुळे फुलावरून उठताना तिचे पोट हळद लावल्यासारखे पिवळे दिसते. प्रदर्शनात कीटकशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने ही चूक शांतपणे दाखवली, तेव्हा त्या चित्राच्या साठ प्रती छापून झाल्या होत्या. त्या सगळ्या मी बाजूला काढल्या आणि चित्र नव्याने काढले. दुसऱ्या चित्रात तीच माशी पोट वर उचलून बसलेली आहे आणि लोक सर्वांत जास्त वेळ त्याच पिवळ्या पोटापाशी थांबतात. जे मी चुकवले होते, तेच त्या जातीत सर्वांत पाहण्यासारखे होते.

तेव्हापासून जात नक्की झाली की मी स्वतःला विचारतो, की ही माशी असे काय करते जे दुसरी करत नाही? पाने कापणारी माशी घरट्याच्या भिंतींसाठी लंबगोल तुकडे कापते आणि झाकणासाठी जवळजवळ गोल. चित्रात एका पानाच्या कडेला दोन्ही आकारांचे कापे दाखवले, की पाहणारा घरच्या गुलाबाची पाने तपासू लागतो आणि त्यांवर औषध फवारण्याआधी थांबतो. भुंगा आणि बंबल बी टोमॅटो-वांग्याच्या फुलाला अंगाने कवटाळतात, पंख न हलवता फक्त उड्डाणाचे स्नायू थरथरवतात आणि परागकोशांच्या टोकाच्या छिद्रांतून पराग खाली झटकून घेतात. मधमाशीला हे साधत नाही. हे चित्र काढताना पराग पडताना दाखवा, पण थोडेच. धुरासारखा ढग काढला तर ते खोटे वाटते. माझा सर्वांत आवडता विषय मात्र झोपेचा आहे. निळसर पट्ट्यांच्या ‘अमेजिला’ माश्यांच्या नरांना घरटे नसते. संध्याकाळी ते एकाच वाळक्या काडीवर रांगेने येतात, जबड्यांनी काडी पकडतात आणि पाय आखडून रात्रभर तसेच लटकून झोपतात. हे चित्र पाहिलेल्या माणसाला बागेतली वाळलेली काडी उपटून टाकताना हात आखडावासा वाटतो, आणि त्यासाठी खाली उपदेशाचे एक वाक्यही लिहावे लागत नाही.

फुलाची निवडही तितकीच नेमकी हवी. चित्रकारांना भरगच्च पाकळ्यांचे गुलाब, डेलिया आणि झेंडू काढायला आवडतात. परंतु पुष्कळ दुहेरी फुलांत पुंकेसरांच्याच जागी पाकळ्या आलेल्या असतात, पराग नाममात्र उरतो आणि मकरंदापर्यंत पोहोचणे अवघड होते. अशा फुलावर माशी बसवणे म्हणजे रिकाम्या ताटावर पाहुणा बसवणे होय. एकेरी, मोकळ्या मध्याची फुले निवडा, आणि ती माशी ज्या प्रदेशात राहते तिथलीच निवडा. शुद्ध लाल रंग मधमाश्यांना दिसत नाही. त्यांना अतिनील, निळा आणि हिरवा या पट्ट्यांत दिसते, त्यामुळे लाल फुलावर माशी काढायची असेल, तर ती त्या फुलावर खरोखर येते का, हे आधी पाहून घ्या.

एक गोष्ट जाता जाता सांगतो. सूक्ष्मदर्शकातून पाहून काढलेल्या आणि छापलेल्या अगदी पहिल्या चित्रांपैकी एक माशीचेच आहे. रोममध्ये 1625 साली फ्रान्चेस्को स्तेल्लुती याने निरीक्षण केलेल्या तीन मधमाश्या, पाठीकडून, पोटाकडून आणि बाजूने, अशा छापल्या गेल्या. 20 मे हा जागतिक मधमाशी दिन ज्याच्या स्मरणार्थ पाळला जातो, तो अठराव्या शतकातील स्लोव्हेनियन मधपाळ आन्तोन यान्शा व्हिएन्नाला गेला होता तो चित्रकला आणि कोरीवकाम शिकायला, आणि पुढे तिथेच मधुमक्षिकापालनाचा शिक्षक झाला. आम्लाने धातूच्या पत्र्यावर कोरण्याच्या ठशांत पत्र्यावर जो संरक्षक लेप देतात, त्यात आजही मेण असते. आपल्या कामाचा आणि माशीचा संबंध जुना आहे, आणि तो अचूकतेचा आहे.

भीती दाखवणारी चित्रे टाळा, असे माझे स्पष्ट मत आहे. वायुरोधक मुखवटा घातलेली माशी, मेलेल्या माश्यांचा ढीग किंवा कवटीच्या आकाराचे पोळे पाहून माणूस क्षणभर दचकतो, पण असे चित्र तो घरात लावत नाही, आणि दवाखान्यात तर मुळीच नाही. तोटा दाखवायचाच असेल, तर निवाऱ्यातून दाखवा. ऊन खाणारा मोकळ्या मातीचा तुकडा, त्यात मातीच्या बारीक ढिगाऱ्यांनी वेढलेली पाच-सहा बिळे, एका बिळातून डोकावणारे डोके, आणि चित्राच्या एका कडेने आत सरकलेली फरशी, एवढे पुरेसे आहे.

मजकुराबाबत मी कंजूष आहे. चित्राखाली तीन ओळी द्याव्यात: स्थानिक नाव आणि शास्त्रीय नाव, ती काय करत आहे, आणि तिला जगायला काय लागते. अक्षर एवढे मोठे असावे की एक मीटरवरून चष्म्याशिवायही वाचता यावे. “मधमाश्या नाहीशा झाल्या तर माणूस चार वर्षांत संपेल” हे आइन्स्टाइनच्या नावावर खपवले जाणारे वाक्य छापू नका. त्यांनी ते म्हटल्याचा कोणताही पुरावा नाही. “आपल्या अन्नाचा दर तिसरा घास मधमाश्यांमुळे” हे वाक्यही सैल आहे. जगातील प्रमुख अन्नपिकांच्या प्रकारांपैकी सुमारे 75 टक्के पिकांना प्राण्यांकडून होणाऱ्या परागीभवनाचा काही ना काही उपयोग होतो, आणि जगाच्या पीक उत्पादनाचा सुमारे 35 टक्के भाग अशा पिकांतून येतो. गहू, तांदूळ, मका यांना त्याची गरज नसते. ‘प्राणी’ म्हणजे केवळ मधमाश्या नव्हेत, आणि ‘उपयोग होतो’ म्हणजे ‘त्यांच्याविना पीकच येत नाही’ असे नव्हे. आकडा द्यायचाच असेल तर तो या मर्यादांसह फ्रेमच्या पाठीवर द्या. तिथे चिठ्ठीला भरपूर जागा असते आणि ती वाचणारा मुळातच उत्सुक असतो.

पाठीवरच्या त्या चिठ्ठीत चित्रातल्या माशीपुरतीच कृती सांगा. जमिनीत राहणारी असेल तर उन्हातली थोडी माती उघडी ठेवा, लाकडात राहणारी असेल तर वठलेली फांदी राहू द्या, आणि फुलोऱ्यात असलेल्या झाडावर कीटकनाशक मारू नका. पोकळ नळ्यांचे ‘माश्यांचे घर’ सुचवत असाल, तर नळ्या दरवर्षी बदलाव्या किंवा स्वच्छ कराव्या लागतात हेही लिहा, अन्यथा त्यांत बुरशी आणि परजीवी साठतात.

मोजमापाविषयी एक सूचना आहे, जी मी स्वतः वापरतो आणि जिने मला कधी निराश केलेले नाही. साऱ्या मालिकेत एकच पट ठेवा, समजा दहापट, आणि प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात त्या माशीची खऱ्या आकाराची काळी छाया द्या. ‘पर्डिटा मिनिमा’ ही जेमतेम दोन मिलिमीटरची माशी दहापटीत दोन सेंटिमीटरची होते. इंडोनेशियातील ‘मेगाकिली प्लूटो’ या सर्वांत मोठ्या माशीची मादी सुमारे 38 मिलिमीटर असते, म्हणजे तिला कागदाची जवळजवळ सारी उंची लागते. मोठ्या कागदावरची ती इवलीशी पर्डिटा आणि तिच्या कोपऱ्यातला ठिपका पाहायला लोक काचेला नाक लावतात.

छपाईसाठी मूळ चित्र 600 डीपीआयवर (म्हणजे दर इंचाला 600 ठिपके) स्कॅन करा आणि अंतिम आकारात किमान 300 डीपीआय राहील असे पाहा. ए-3 साठी ते 3508 गुणिले 4961 पिक्सेल होते. माशीचे केस हीच कसोटी आहे. काळ्या अंगावरचे फिकट केस पांढऱ्या रंगाने वरून ओढू नका, मागची छटा गडद करून कागदच केस म्हणून सोडा, म्हणजे ते छपाईत टिकतात. भुंग्याच्या पंखांवरची जांभळी-हिरवी झाक हा रंगद्रव्याचा रंग नसून पृष्ठभागाच्या रचनेमुळे दिसणारा रंग आहे, आणि कोणत्याही शाईला तो साधत नाही. एकाच कोनातला एक क्षण निवडा, जांभळ्याकडून काळ्याकडे जाणारा उतार नीट काढा आणि चकाकीचा हट्ट सोडा. शाई पिगमेंटची, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांची, घ्या. डायची, म्हणजे विरघळलेल्या रंगाची, शाई उजेडात काही वर्षांत विटते आणि सर्वांत आधी ज्या छटा जातात, त्यांतच तुमच्या माशीचा जीव असतो. कागद आम्लरहित, शक्यतो कापसाच्या तंतूंचा, मॅट आणि 300 जीएसएमच्या (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन) आसपासचा असावा. झगझगीत पांढरा कागद टाळा, त्यातील उजळपणा आणणारी रसायने कालांतराने निकामी होतात आणि कागद पिवळसर पडतो. संपूर्ण मालिका छापण्यापूर्वी त्याच कागदावर एक नमुनाप्रत काढून दिवसाच्या उजेडात आणि दिव्याखाली, दोन्हीकडे पाहा.

फ्रेममध्ये चित्र काचेला टेकता कामा नये. माउंट (चित्राभोवती खिडकीसारखा कापलेला जाड पुठ्ठा) किंवा काठाशी पातळ पट्टी देऊन मध्ये हवा ठेवा, नाहीतर दमट दिवसांत कागद काचेला चिकटतो आणि काढताना केसांचे सारे बारीक काम काचेवर राहते. एका फ्रेमकाराने माझ्या काही प्रतींना मागून साधा पुठ्ठा लावून चिकटपट्टीने पक्के केले होते. चार वर्षांत कडेने तपकिरी डाग पुढे आले आणि त्या प्रती गेल्या. मागचा बोर्ड आणि माउंट आम्लरहित घ्या, आणि प्रत फक्त वरच्या कडेला, जपानी कागदाच्या दोन लहान बिजागऱ्यांनी, गव्हाच्या खळीने लटकवा, म्हणजे कागदाला हवामानाप्रमाणे आकसायला-फुगायला वाव राहतो. घरासाठी अतिनील किरण अडवणारी काच उत्तम, पण शाळेसाठी न फुटणारे अॅक्रिलिकच वापरा. चौकटीचे लाकूड जुन्या दारांचे किंवा प्रमाणित जंगलातले असावे. प्लॅस्टिकच्या वेष्टनात आलेले पर्यावरणाचे चित्र पाहणाऱ्याला खुपते, आणि ते खुपायलाच हवे.

मर्यादित आवृत्ती काढत असाल, तर चित्राखाली पेन्सिलीने डावीकडे क्रमांक आणि उजवीकडे सही करा आणि जाहीर केलेला आकडा पुन्हा वाढवू नका. देणगीबाबत “या चित्राच्या विक्रीतून मधमाश्या वाचतील” असे लिहू नका. प्रत्येक प्रतीमागे नेमकी किती रक्कम, कोणत्या कामाला आणि कोणाकडे जाते, ते पाठीवरच्या चिठ्ठीत लिहा आणि वर्षाअखेर एकूण रक्कम प्रसिद्ध करा. एवढे निश्चित सांगता येत नसेल, तर देणगीचा उल्लेखच नको, चित्र स्वतःच्या बळावर विकले जाऊ द्या.

लावताना थेट उन्हाची आणि ओल येणारी भिंत टाळा. मोठ्यांसाठी चित्राचा मध्य जमिनीपासून दीड मीटरच्या आसपास ठेवा. शाळेत मात्र तो मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा, मग शिक्षकांना थोडे वाकावे लागले तरी चालेल. बाराही चित्रे एकदम छापू नका. आधी तीन करा, एखाद्या ग्रंथालयात महिनाभर लावा, आणि एखाद्या सकाळी जवळच बसून पाहा की लोक कोठे थांबतात, कशावर बोट ठेवतात आणि शेजारच्याला काय विचारतात. पुढच्या नऊ माश्या त्यावरून ठरवा.